साखळीची ढील

११ सप्टेंबर १९९४

वरुणरावांची गाडी आज माझ्या शेडमध्ये आली. स्वतःच्या जोरावर नाही, ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती वळेना, तेव्हा एक हातगाडी, दोन सायकली आणि एक गाय बाजूला करावी लागली. गाय सगळ्यांत शेवटी हलली. दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्‌स कार, रंग कधी काळी लाल. वरुणराव ही मद्रासजवळच्या शोळावरमच्या शर्यतीत पळवायचे. ते जाऊन आठ वर्षं झाली, गाडी त्याआधीपासून उभी आहे.

मागोमाग त्यांची बायको कमलाक्षी छत्री घेऊन चालत आली. मुलींच्या शाळेत गणित शिकवते, म्हणजे शिकवायची. राजीनामा दिलाय. मुलगी लावण्या बंगळुरात कॉम्प्युटर कंपनीत लागली, तिने आईला दिवाळीच्या आत बोलावलंय. घरातलं सामान वाटून टाकलं, उरली ही गाडी.

"ही विकायची नाहीं," ती म्हणाली. "चालवत नेतें. ही चालली कीं मी निघालें. किती दिवस लागतील?"

"बघतो," म्हटलं.

हे मी देवनागरीत लिहितो आहे. अप्पांनी छडी घेऊन शिकवलेली लिपी. थोरली बहीण अक्का बोलते मराठी, वाचते तमिळ, त्यामुळे ही वही तिच्या पोळपाटाशेजारी ठेवली तरी सुरक्षित. तेव्हा लिहून टाकतो: लहानपणी कमलाक्षी मला आवडायची हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिच्या वडिलांना आणि मला ते उशिरा कळलं. तोवर वरुणरावांकडून पत्रिका आली होती. माझं लग्न मग राहूनच गेलं. आता पन्नाशीत हे सगळं उगाळण्यात अर्थ नाही, पण ती शेडच्या दारात छत्री मिटत उभी राहिली आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. पायावर.

१३ सप्टेंबर

दुखणं सापडलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक साखळी असते, टायमिंग चेन. खालचा क्रँक फिरला की ती वरचे दोन कॅमशाफ्ट फिरवते आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात. साखळी ढिली पडू नये म्हणून टेन्शनर तिला बाजूने दाबून धरतो. त्याच्या आत स्प्रिंग, मागून तेलाचा दाब, तोंडाशी रबराची गादी. इथे ते रबर पापडासारखं वाळून तुकडे झालंय आणि आतला दट्ट्या अडकून बसलाय. असंच चालवलं तर साखळी एखादा दात सोडेल, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील आणि इंजिनाचं मातेरं होईल.

कमलाक्षीला सगळं समजावलं. गणिताची आहे, पटकन समजतं. ऐकून घेतल्यावर परत तेच, "मग किती दिवस?"

एवढी घाई! तंजावुरात आता तिचं कोण आहे, म्हणा. "लवकर करतो," असं मी सांगितलं. ती छत्री उचलून निघाली.

१८ सप्टेंबर

कमलाक्षीला लावण्याचा फोन आला होता, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. तिच्या ऑफिसातून इंग्लंडला फॅक्स केला की नवाकोरा टेन्शनर आठवड्याभरात घरपोच येईल म्हणे. आता सगळं मिळतं, सरकारने दारं उघडली आहेत. पूर्वी आम्ही स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचो.

"मीं नको सांगितलें," कमलाक्षी म्हणाली.

"का?"

"रघुपती करतील म्हटलें. घाई कशास?"

मला फार बरं वाटलं. माझ्या हातकामावर तिचा इतका विश्वास आहे. पॉलिटेक्निकमध्ये वीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची ते शिकवतोय, कुणी असं म्हटलं नाही. मग ठरवलं, मूळचा टेन्शनरच सुधारायचा. रबर काढून नायलॉनची गादी, स्प्रिंग जरा कडक, अडकलेला दट्ट्या घासून मोकळा. नायलॉन तिरुच्चीहून आणतो.

२५ सप्टेंबर

ती रोज संध्याकाळी येते. मी पॉलिटेक्निकमधून सुटून घरी पोचतो तेव्हा दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर अक्काशी बोलत बसलेली असते. माझ्या शेडमधलं स्टूल तिचं झालंय. पान्यांचे नंबर पाठ झालेत, मी हात मागे केला की हवा तो पाना हातात येतो. आज मी हात मागे केला आणि कॉफीचा पेला आला. मी न बघता तो बोल्टला लावायला गेलो. ती इतकी हसली की अक्का आतून बघायला आली.

मला हे संपायला नको आहे, बस. नायलॉनची गादी आजच कापून झाली असती. मी ती तीनदा घासली, गरज नसताना. पण किती घासणार? घासून घासून संपून जाईल. आणि माणूस घाईत आहे, तिला अडकवून ठेवणं बरं नाही. उद्या बसवून बघतो.

२ ऑक्टोबर

दट्ट्या मोकळा झाला, लोण्यातून सुरी फिरावी तसा. कमलाक्षीला दाखवला. "छान," म्हणाली आणि लवकर घरी गेली. डोकं दुखतंय म्हणे.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्याराला हात लावायचा नाही. पाने, कानशी, व्हाईस सगळं धुऊन-पुसून मांडलं. गाडीचे सुटे भागही वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले: साखळी, दातेरी स्प्रॉकेट, टेन्शनर, गॅस्केटचा डबा. अक्का हरभऱ्याचं सुंडल करण्यात गुंतली होती, म्हणून गंधाची वाटी कमलाक्षीकडे दिली. मी विहिरीवर हातपाय धुऊन आलो तर ती एकटीच त्या भागांसमोर मांडी घालून बसली होती. प्रत्येकाला गंध, वर कुंकू. टेन्शनर हातात घेऊन किती वेळ बसली होती कोण जाणे. मला बघून चपापली.

"ह्यास जास्त लावलें," म्हणाली. "हाच सगळें धरून ठेवतो ना?"

मी म्हटलं, हो, तसं बरोबर आहे. ती निघाल्यावर उदबत्तीचा वास शेडमध्ये बराच वेळ होता. मी उगाच तिथे बसून राहिलो. उद्या गाडी सुरू होणार. उद्या होईल ते चांगलंच होईल, विजयादशमी आहे. मग ती जाईल. मला आज देवीकडे काहीतरी मागायचं होतं, पण काय मागावं ते सुचेना. गाडी चालू दे म्हणावं तर ती जाते, नको चालू देऊ म्हणावं तर माझी अब्रू जाते.

१४ ऑक्टोबर, विजयादशमी

सकाळी गंध पुसून सगळं बसवलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. गल्लीतली म्हातारी माणसं तिण्णैवरून उतरली. आणि मग साखळीचा आवाज. डब्यात खिळे हलवावेत तसा. सुरुवातीला थोडा येतोच, तेल वर पोचेपर्यंत. पण तो थांबेना. मी इंजिन बंद केलं.

लोकांसमोर फजिती झाली. कमलाक्षीकडे बघवेना. तिला केवढा मनस्ताप! पण ती शांतपणे म्हणाली, "सेरि, बरें, परत उघडा. मी कॉफी आणतें." आत जाताना पाठमोरी काहीतरी गुणगुणत होती. मोठ्या मनाची बाई.

१५ ऑक्टोबर

सापडलं! टेन्शनरच्या मागे तेल आत यायला एक बारीक भोक असतं, मोहरी कशीबशी मावेल एवढं. ते गंधाने बुजलं होतं. वाळून दगड. तेलाला वाटच नाही, मग दट्ट्या ढकलणार कोण? मी वरचं गंध पुसलं होतं, पण भोकात तार घातली नव्हती, कारण आदल्या दिवशीच घातली होती.

नवल हे की गंध चांगलं खोलवर गेलं होतं. बोटाने लावलेलं इतकं आत कसं जाईल? मग आठवलं. केशाकर्षण! बारीक नळीत पातळ पदार्थ आपोआप चढतो. अप्पांच्या जुन्या मराठी पदार्थविज्ञानात हा शब्द होता. जेवताना अक्काला सांगितला.

अक्काने सांबाराची पळी हवेत धरली. "गंध आपणहून चालत गेलें भोकांत?"

"केशाकर्षणाने."

"केश पांढरे जाले तुझे," अक्का म्हणाली, "आकर्षण अजून कळेना."

तिला विज्ञानाची थट्टा करायची खोडच आहे.

१६ ऑक्टोबर

कमलाक्षीला केशाकर्षण समजावलं. कागदावर आकृतीही काढली. खाली मान घालून ऐकत होती. "असेल," एवढंच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, उकाडा फार आहे.

तिच्या पदराची पिन हरवली होती ती गॅस्केटच्या डब्यात मिळाली. टोकाला पिवळं काहीतरी वाळलेलं. पेट्रोलने स्वच्छ करून तिला दिली. तिने पिन घेतली, माझ्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "तुम्हीं इतके कसे हो?"

"इतके म्हणजे?"

"इतके स्वच्छ," म्हणाली. आणि निघून गेली.

२० ऑक्टोबर

त्या भोकावर आता माझा भरवसा नाही. आज गंध, उद्या गाळ. म्हणून तेलाचा कारभारच काढून टाकतो. नवी रचना अशी: नायलॉन लावलेली पोलादी पट्टी साखळीला टेकणार आणि बाहेरच्या झाकणातून एक बोल्ट येऊन तिला मागून दाबणार. वर लॉकनट. बोल्ट बाहेरून फिरवला की साखळी ताणली जाते. यात बुजण्यासारखं काही नाही. फक्त एक आहे, तेलाचं काम आता हाताने करायचं. हजारेक किलोमीटर झाले की कोणीतरी कान लावून ऐकायचं आणि बोल्ट थोडा फिरवायचा.

"आवळून टाका कीं एकदांच," कमलाक्षी म्हणाली.

"तसं चालत नाही. इंजिन तापलं की धातू वाढतो, साखळी आपोआप ताणली जाते. आधीच आवळली तर तापल्यावर तुटेल. गार असताना थोडी ढील ठेवावीच लागते."

"आणि कोणी ढीलच देत राहिलें तर? ताणलेंच नाहीं कधीं?"

"मग खडखडत राहते. एक दिवस दात सोडते."

"हां," ती म्हणाली. "तेंच विचारलें."

प्रश्न फार चांगला होता. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांपैकी एकालाही सुचला नसता. वर्गात सांगणार आहे.

२३ ऑक्टोबर

बोल्ट लेथवर कातून झाला. आटे सुरेख आले. आज ती आली नाही. लावण्या शनिवारी येणार, तिच्यासाठी खोली आवरायची आहे म्हणे. स्टूल रिकामं होतं. मी दोनदा हात मागे केला.

पन्नास वर्षांचा माणूस आणि हे असं. बरं, बोलू म्हटलं तर काय बोलू? जाऊ नका? कोणत्या नात्याने? मुलगी बोलावते आहे, स्वतः ती रोज दिवस मोजते आहे. मी मध्ये पडून तिला संकोचात टाकू? त्यापेक्षा गाडी अशी करून देतो की वाटेत कुठे एकटी अडकून पडणार नाही. माझ्याकडून तिला देण्यासारखं दुसरं काही नाहीच.

२७ ऑक्टोबर

आज गाडी ओरत्तनाडुपर्यंत नेऊन आणली. चालवत कमलाक्षी होती. वरुणरावांनी शिकवलेलं विसरलेली नाही, गिअर बदलताना खालचा ओठ दाताखाली धरते. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, बस आडवी आली की ती हॉर्नऐवजी तमिळमध्ये बोलायची. साखळीचा आवाज? शून्य. मी अर्धा वेळ इंजिन ऐकत होतो आणि अर्धा वेळ तिला. आयुष्यात इतका सुखात मी कधी नव्हतो, हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं ते असं: "तापमान बरोबर आहे."

तिथल्या जुन्या धर्मशाळेच्या, मुक्तांबाळच्या छत्राच्या, पायऱ्यांवर बसून आम्ही अक्काने बांधून दिलेलं चित्रान्न खाल्लं.

"आतां ह्या गाडीचें काहीं राहिलें नाहीं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"नीट पाहा."

"नीट पाहिलं."

"मज अजून कोठेंतरी आवाज येतो."

मी उठून बॉनेट उघडलं. इंजिन सुरू करून स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, जागोजागी ऐकलं. काहीच नाही. परत येऊन सांगितलं, "भास आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तूं बैस रे. इंजिन राहूं दे." तूं! लग्नानंतर कधी ती मला तूं म्हणालेली नाही. चुकून गेलं असणार, लहानपणची सवय. मी ऐकलं नाही असं दाखवलं, तिला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. बसलो मात्र. तिने डब्यातला शेवटचा घास माझ्या पानावर वाढला. मला वाटत होतं की कुठूनतरी खरंच आवाज यावा, बेअरिंग जावं, टायर फुटावं, काहीही.

येताना तिने मला चालवायला दिली. स्वतः खिडकीबाहेर बघत होती.

२९ ऑक्टोबर

लावण्या आली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत नाहीतर तमिळमध्ये देते. गाडी बघून "वॉव अंकल" म्हणाली. मी बोल्टची आकृती कागदावर काढून ठेवली. किती फिरवायचा, कसं ऐकायचं, सगळं सोप्या इंग्रजीत. बंगळूरचा कुठलाही मेकॅनिक करू शकेल.

अक्काने कागद बघितला. इंग्रजी वाचता येत नाही, तरी विचारलं, "हें कशास?"

"मी तिथे नसणार ना बोल्ट फिरवायला."

अक्का उठून आत गेली आणि भांडी इतक्या जोराने घासू लागली की शेजारच्या बाई विचारायला आल्या.

३० ऑक्टोबर

सकाळीच निघाल्या. मागे एक ट्रंक, एक वेताची टोपली. अक्काने ओटी भरायला घेतली, मग हात थांबला तिचा, आणि मग तिने सरळ कुंकवाचं बोट पुढे केलं. कमलाक्षीने कपाळ पुढे केलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. लावण्या बघत राहिली.

मी कागद दिला. कमलाक्षीने तो उघडला, वाचला.

"तिकडे कोण फिरवणार हा बोल्ट?"

"कोणीही. सोपं आहे. मी सगळं लिहिलंय."

"कोणीही," ती म्हणाली. कागदाची घडी घातली. गाडीत बसली. "सेरि, जातें मग."

अक्का ओरडलीच. "जातें म्हणूं नये, बाई! येतें म्हण."

"कोणी ये म्हटलें तर म्हणतें, अक्का," ती म्हणाली. अक्काशी बोलत होती, बघत माझ्याकडे होती.

मला तेव्हा काहीतरी कळलं. सगळं नाही. गार इंजिनात तेल वर चढायला वेळ लागतो, तसा मला लागतो. तोंडात काय आलं तर, "पहिले पन्नास किलोमीटर हळू चालवा."

"अम्मा, पोलामा?" लावण्याने निघायचं का म्हणून विचारलं. कमलाक्षीने किल्ली फिरवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, वळायला थांबली. तेवढ्यात मी चालायला लागलो होतो. मग पळत होतो. वेष्टीचा सोगा हातात धरून पळणं काही शोभेचं काम नाही, सगळी गल्ली तिण्णैवर होती. मी उघड्या खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"ये," म्हटलं.

तिने वळून पाहिलं. हात स्टीअरिंगवर, डोळे भरलेले.

"येतें," म्हणाली. आणि गाडी वळली.

इंजिन इतकं साफ चाललं होतं, साखळीचा एवढासाही खडखडाट नाही, की तो शब्द मला स्पष्ट ऐकू आला. तेच तर अवघड झालंय. आवाज असता तर नीट ऐकू आलं नाही म्हणून मनाची समजूत घातली असती. ऐकू तर आलं. पण आमच्याकडे जाणारा प्रत्येक माणूस 'येतें'च म्हणतो. वरुणराव हॉस्पिटलात जाताना 'येतों'च म्हणाले होते.

परत आलो. अक्का तिण्णैवर बसली होती. तिच्याजवळ बसलो. विचारलं, "अक्का, येतें म्हणाली. कोणतं येतें म्हणाली असेल?"

"तूं काय म्हणालास तिला? या कीं ये?"

"ये."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "या नाहीं?"

"नाही अक्का. ये म्हणालो. खरं ये."